न फुटलेला दिवा

आमच्या उत्तर डाकोटातला रस्ता एकदा सरळ सुटला की वळायचं नाव घेत नाही. दोन्ही अंगांना गहू, गव्हापुढे सूर्यफूल, सूर्यफुलापुढे बीट, आणि मग पुन्हा गहू. वर आभाळ एवढं अवाढव्य की जोरात पळणारी गाडीसुद्धा ताटावर चाललेल्या मुंगीसारखी दिसावी. अशा रस्त्यावर वेगाचा काटा जरा पुढे सरकला तर त्याला पाप म्हणणारा माणूस आमच्यात जन्माला आला नव्हता. पाप म्हणायचंच तर ते हॉर्नबेक गावानं केलं होतं, आणि आर्डिस टोलेफसन ते कुणापुढेही, कुठेही, न घाबरता म्हणत असे.

आर्डिस ही उंच, सडपातळ, ताठ पाठीची बाई. नवरा ऑर्विन जाऊन बरीच वर्षं झालेली. बोटांची पेरं थंडीत सुजायची, पण ऑर्गनवर बसली की ती बोटं कुणा वेगळ्याच बाईची वाटायची. ब्रश क्रीक, व्हांग आणि बेथनी अशी तीन खेडेगावची चर्च, आणि तिन्हींना मिळून एक पाद्री. माणसं कमी झाली, पोरं शहरात गेली, तेव्हा तीन चर्चनी एक पाद्री वाटून घेतला आणि एक ऑर्गनवालीही. रविवारी ब्रश क्रीकची प्रार्थना सकाळी लवकर, व्हांगची मधल्या वेळी, बेथनीची जेवणाच्या तोंडावर. बायका ओव्हनमध्ये मांस भाजायला ठेवून चर्चला यायच्या, तेव्हा शेवटचं गाणं कधी संपतं यावर जेवणाची चव अवलंबून.

वेळापत्रक कागदावर चांगलं होतं. पण पाद्री थोर्सन भला माणूस असला तरी त्याला प्रवचन आवरता येत नसे. तो जेवढा वेळ लांबवायचा, तेवढा रस्त्यावर भरून काढावा लागायचा. त्यातही पाद्र्याला उशीर झाला तर चालतं. ऑर्गनवालीला चालत नाही. लोक आत येऊन बसताना सूर वाजत असले पाहिजेत, आणि बाहेर पडतानाही. म्हणजे आर्डिसनं पाद्र्याच्या मागून निघायचं आणि त्याच्या आधी पोचायचं.

आणि ब्रश क्रीक नि व्हांग यांच्या मधोमध हॉर्नबेक बसलं होतं.

हॉर्नबेक म्हणजे एक रस्ता, एक किराणा दुकान, एक कॅफे, धान्य साठवायचे दोन उंच मनोरे आणि एकुलता एक पोलीस. ब्रश क्रीककडून येताना ताशी पंचावन्न मैलांची परवानगी. मनोऱ्यांच्या सावलीत शिरलात की ती एकदम तीस. तीसची पाटी मनोऱ्याच्या मागच्या कडेला, अशी की मनोरा ओलांडल्याशिवाय ती दिसू नये. सुगीत तर धान्याचे ट्रक तिच्यापुढेच रांग लावून उभे. पाटी नजरेस पडेपर्यंत तुम्ही गुन्हेगार झालेले असायचे. त्या गावात गिरणी नव्हती, कारखाना नव्हता. ती पाटी होती. नव्या रस्त्यावरचे दिवे, बागेतला झोपाळा, नाताळची रोषणाई, सगळं त्या पाटीनं पोसलं होतं.

"पूर्वी दरोडेखोर तोंडाला फडकं बांधायचे," आर्डिस म्हणायची. "त्यांना लाज तरी होती."

पहिल्यांदा ती सुगीत पकडली गेली. दुसऱ्यांदा ईस्टरला. मागच्या सीटवर पांढऱ्या लिलींच्या कुंड्या, अंगावर ठेवणीतला कोट. पोलीस वेंडेल रास्क खिडकीशी आला. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. कुणाची मान कापली तरी आधी 'माफ करा' म्हणेल असा.

"मिसेस टोलेफसन, आज घाईत दिसता."

"ईस्टर आहे, वेंडेल. येशू उठायचा आहे, थडग्यावरचा दगड हलायचा आहे, आणि वाजवणारी इथे बसली आहे."

"मला वाईट वाटतं हो. पण यंत्राला ईस्टर कळत नाही."

"यंत्राला नाही कळत. यंत्र धरणाऱ्याला कळायला काय झालं?"

वेंडेल हसला आणि पावती फाडली. दोन्ही दंड तिनं टपालानं भरले. मग राज्याकडून पत्र आलं: दोन वर्षांत आणखी एकदा झालं तर वाहन परवाना जप्त, पुढच्या वसंतात बर्फ वितळेपर्यंत.

आमच्याकडे परवाना गेला म्हणजे पाय गेले. शेजाऱ्याच्या घरातला दिवा दिसतो, पण तिथवर चालत जायचं म्हटलं तर हिवाळ्यात माणूस वाटेतच गोठेल. आणि आर्डिसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. बेथनीच्या समितीनं मागच्याच वर्षी विषय काढला होता, की आता सगळी गाणी टेपवर मिळतात. एक बटण दाबायचं, ऑर्गनवालीची ने-आण नको, आजारपण नको. पाद्र्यानं तो विषय बाजूला ठेवला होता, मिटवला नव्हता. आर्डिस एक महिना गैरहजर राहिली असती तर त्या बाकावर टेपचं यंत्र बसलं असतं आणि मग ते कुणी हलवलं नसतं. हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसाचं वेग मोजणारं यंत्र लांबूनच ओळखून ओरडणारी डबी, घ्यायचं ठरवलं.

चर्चच्या बाईनं असली वस्तू घ्यावी का, यावर तिनं फार विचार केला नाही. तिच्या मते लपून बसणाऱ्याला शोधणं हे लपण्यापेक्षा केव्हाही सरळ काम.

तिची मैत्रीण लव्हॉन हॉफर हिच्या नवऱ्याकडे एक जुना डिटेक्टर होता. लव्हॉन ठेंगणी, गुबगुबीत, तोंडाची तिखट. तिनं त्याचं नाव 'चुगल्या' ठेवलं होतं.

"घेऊन जा बाई," लव्हॉन म्हणाली. "आमचा चुगल्या सगळ्यांच्याच चुगल्या करतो. फोनचा मनोरा दिसला, ओरडला. समोरच्या गाडीत दुसरा चुगल्या दिसला, ओरडला. परवा तर मी शिंकले नि ओरडला."

आर्डिसनं तो दोन रविवार वापरला आणि परत केला. जो सारखाच ओरडतो तो काही सांगत नाही, हे तिला चर्चच्या गायकवृंदानं आधीच शिकवलं होतं.

मग ती हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या थांब्यावर गेली. तिथे काचेच्या कपाटात डिटेक्टर मांडलेले, स्वस्त खाली, महाग वर. विकणारी डार्ला नावाची जाडजूड बाई, केसांत पेन्सिल खोचलेली.

"हा बघा, याला बाण आहे, पोलीस पुढे की मागे ते दाखवतो. हा त्याहून स्वस्त. आणि हा खालचा नका घेऊ, हा म्हणजे भुंकणारं पिल्लू."

"मला ऐकवा," आर्डिस म्हणाली.

"काय ऐकवू?"

"आवाज. मला महिन्यातले सगळे रविवार याच्याबरोबर काढायचे आहेत."

डार्लानं तपासणीचं बटण दाबून एकेक वाजवून दाखवला. बाणवाला कर्कश, भांडी आपटल्यासारखा. दुसरा एकच सूर काढणारा, सगळ्या रडारांना एकच. तिसऱ्यानं तीन जातींच्या रडारांना तीन वेगळे सूर लावले. खालचा जुन्या यंत्रांसाठी, मधला बहुतेक पोलिसांसाठी, वरचा नव्यांसाठी. आर्डिसनं मान तिरपी करून तिन्ही ऐकले, परत ऐकले.

"मधला किंचित उतरलाय," ती म्हणाली. "पण याच्याबरोबर राहता येईल."

"बाई, लोक किंमत बघतात, दिव्यांचा रंग बघतात," डार्ला म्हणाली. "सूर बघणारं गिऱ्हाईक आज पहिलं. आता एक लक्षात ठेवा. तुमच्यावर रडार रोखलं आणि मग हा वाजला, तर त्याचा उपयोग फक्त रडायला. पुढे कुणीतरी असलं पाहिजे. पुढच्या गाडीवर रडार पडतं, ते उडून तुमच्यापर्यंत येतं, आणि हा वाजतो. पुढचा पकडला जातो, तुम्ही सुटता."

"पुढचा कोण असतो?"

"जो कुणी मूर्ख असेल तो."

आर्डिसनं पर्स उघडून पैसे मोजले. रविवारी तिच्या पुढे पाद्री थोर्सन असायचा.

नव्यालाही तिनं चुगल्याच म्हटलं, तो काचेला चिकटवला, त्याची वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खोचली, आणि रविवारचा नवा क्रम लागला. ब्रश क्रीकहून पाद्री पुढे. आर्डिस मागे, त्याची गाडी दिसेल न दिसेल एवढ्या अंतरावर. हॉर्नबेकजवळ चुगल्या मधल्या सुरात वाजला की तिचा पाय वर. गाव ओलांडलं की ती पाद्र्याला मागे टाकून व्हांगला पुढे. दोनदा तिनं पाद्र्याला वेंडेलच्या लाल-निळ्या दिव्यांपुढे थांबलेला पाहिला आणि तिला वाईट वाटलं. पण फार नाही, कारण प्रवचन त्यानंच लांबवलं होतं. नवल एवढंच, की दोनदा पकडला जाऊनही पाद्र्याच्या परवान्याला धक्का लागल्याचं कधी ऐकू आलं नाही. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देवाची कृपा." आणि विषय बदलला.

सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते दारामुळे.

हॉर्नबेकच्या किराणा दुकानाचं दार जड, लोखंडी कमानीचं. चाकांच्या आधारकाठीवर चालणाऱ्या म्हाताऱ्यांना ते ढकलता येत नसे. बाहेर थंडीत कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागे. हे बघून तिन्ही चर्चच्या महिला मंडळानं मनावर घेतलं. दर शरद ऋतूत मंडळ लेफ्से विकतं, बटाट्याच्या पातळ, मऊ पोळ्या, आमच्या आज्यांनी नॉर्वेहून आणलेल्या. तळघरात टेबलं मांडून बायका दिवसभर लाटतात, लांब पट्टीनं तव्यावर उलटतात, पीठ केसांपर्यंत. त्या वर्षी आर्डिसनं खांदा दुखेपर्यंत लाटलं. त्या लेफ्शांवर दुकानाला आपोआप उघडणारं दार मिळालं. दार बसलं त्या दिवशी आर्डिसनं टाळ्या वाजवल्या. म्हातारा सिव्हर्ट आत गेला, बाहेर आला, परत आत गेला, लहान पोरासारखा.

त्या दाराच्या कपाळावर एक डोळा बसवला होता, माणूस आलं हे ओळखणारा. तो डोळा पोलिसाच्या रडारच्याच जातीचा. पुढच्या रविवारी हॉर्नबेकमध्ये शिरताना चुगल्या मधल्या सुरात वाजला, आर्डिसनं ब्रेक दाबला, आणि वेंडेल कुठेच नव्हता. दुकान रविवारी बंद, पण दाराचा डोळा मिटत नसे.

"अगं, दार आहे ते," लव्हॉननं सांगितलं. "आमचा पण वाजतो. आता आम्ही लक्षच देत नाही."

आर्डिसनंही हळूहळू ते मनावर घेणं सोडलं. मनोऱ्याच्या कोपऱ्यापासून दुकानापर्यंत चुगल्या वाजायचा, आणि ती म्हणायची, "ऐकलं रे बाबा, दार आहे. आमचंच आहे." त्या सुराचा तिला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

पुढच्या शरदात मंडळानं पुन्हा लेफ्से विकले. थंडी आत शिरू नये म्हणून दुकानाला आतून दुसरं दार, तेही आपोआप उघडणारं. पैसे दिले गेले होते, दार यायचं होतं.

त्या रविवारी पाद्री ब्रश क्रीकलाच अडकला. एका बाईची बहीण वारली होती. तो त्या बाईचा हात धरून बसला. आर्डिसपुढे कुणीच नव्हतं. सूर्यफुलांची काळी पडलेली डोकी वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती. मनोरे अजून लांब होते, आणि चुगल्या वाजला. मधला सूर. नेहमीपेक्षा कितीतरी आधी, आणि नेहमीपेक्षा खणखणीत.

आर्डिसच्या मनात काय आलं? भीती नाही आली. तिला वाटलं, 'दुसरं दार बसलं वाटतं! एका डोळ्याचे दोन डोळे झाले, म्हणून लांबून ऐकू येतंय.' सिव्हर्टला आता आत उभं राहून ऊब घेता येईल, असंही तिच्या मनात आलं. तिला बरं वाटलं. बरं वाटण्याच्या नादात ती मनोऱ्याशेजारून चव्वेचाळीसनं गेली.

दुकानाच्या दारालगत, भिंतीला चिकटून, वेंडेलची गाडी उभी होती.

"मिसेस टोलेफसन," तो खिडकीशी येऊन म्हणाला, आणि त्याला खरंच अवघडल्यासारखं झालं होतं.

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या मागच्या दाराकडे बघत होती. दार एकच होतं. जुनंच.

"तू इथे का उभा राहतोस, वेंडेल?"

"इथे वारा लागत नाही."

"किती दिवस वारा लागत नाही?"

तो पावतीवर वाकला. "तुमची यंत्रं दाराला वाजतात हे कळलं तेव्हापासून," तो पुटपुटला. मऊ माणसाला खोटंही धड बोलता येत नाही.

तेव्हा जो संताप तिच्या अंगात चढला तो शब्दांत मावणारा नव्हता. त्या दारासाठी तिनं लाटलं होतं. तिचा खांदा त्या दारासाठी दुखला होता. म्हाताऱ्यांसाठी केलेल्या चांगल्या कामाच्या आडोशाला हा माणूस दबा धरून बसला होता, आणि तिच्या लेफ्शांचं पीठ तिच्याच डोळ्यांत उडवलं होतं. त्या रविवारी व्हांगला ती उशिरा पोचली. लोक सुरांवाचून बसले होते, आणि बेथनीच्या समितीचा एक माणूस, जो सासुरवाडीला आला होता, घड्याळाकडे बघत होता.

हॉर्नबेकचं न्यायालय मंगळवारी दुपारनंतर अग्निशमनाच्या शेडमध्ये भरतं. न्यायाधीश एलरॉय शाट्झ. बाकीचे दिवस तो विमा विकतो. त्याच्या लग्नात आर्डिसनं वाजवलं होतं, आणि त्याच्या आईच्या अंत्यविधीतही.

"काय हे, आर्डिस," तो म्हणाला. "बस. खुर्ची ओढून घे."

"उभी बरी आहे. तुझी पाटी दिसत नाही, एलरॉय."

"पाटी कायद्यानं जिथे हवी तिथेच आहे."

"तो मनोरा कायद्यानं हलवला का तिच्यापुढे?"

शेडच्या दाराशी उभा वेंडेल खोकला.

"आणि हा माणूस आमच्या दाराआड लपतो. म्हाताऱ्यांचं दार आहे ते!"

"कुठे उभं राहायचं ते पोलिसानं ठरवायचं," एलरॉय म्हणाला. "तू चव्वेचाळीसनं गेलीस की नाही?"

"गेले."

एलरॉय चपापला. लोक सहसा असं म्हणत नाहीत. त्यानं चष्मा काढला, पुसला, आवाज खाली आणला.

"ऐक. तुझा परवाना घ्यायची मला हौस नाही. आपल्याकडे एक रीत आहे. तुझ्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता असं आपण लिहू. वेगाचं नाव नाही. दंड थोडा जास्त पडतो, पण परवान्याला ओरखडा नाही. तू रविवारी वाजवायला मोकळी. सही कर आणि जा."

आर्डिसला आधी नीट कळलंच नाही. तिनं मागे वळून उघड्या दारातून बाहेर बघितलं. तिची लांब तपकिरी गाडी उन्हात उभी होती, दोन्ही लाल काचा लखलखीत. दर शनिवारी ती स्वतः पुसायची.

"माझा दिवा शाबूत आहे."

"ते मलाही दिसतंय."

"मग?"

"अगं, सगळेच असं करतात. तुझ्या पाद्र्याचा दिवा दोनदा फुटला. लव्हॉनचा किती वेळा फुटला मी मोजणं सोडलंय. निम्म्या ब्रश क्रीकचे दिवे फुटलेत या टेबलावर."

लाल बंबाच्या पितळी घंटेवर माशी बसली होती. आर्डिसला पाद्र्याची 'देवाची कृपा' आठवली.

"म्हणजे तुम्हाला वेगाशी काही घेणंदेणं नाही," ती सावकाश म्हणाली. "पोरं चिरडतील, म्हातारे मरतील, ते सगळं बोलायला. पैसे मिळाले की मी चव्वेचाळीसनं गेले काय नि ऐंशीनं गेले काय."

"आर्डिस, मी तुला वाचवतोय."

"तू माझ्या तोंडून खोटं विकत घेतोयस, आणि वर दामही माझ्याकडूनच. मी जोरात गेले. ते लिही. तुमची पाटी लबाड आहे, वेंडेलची जागा लबाड आहे, पण मी जोरात गेले ते खरं आहे. न फुटलेला दिवा फुटला असं मी म्हणणार नाही."

"परवाना जाईल. वसंतापर्यंत. बेथनीवाले टेप आणतील, तुला माहीत आहे."

तिचा चेहरा क्षणभर पडला. बोटं कोटाच्या कडेवर चाळवली, जणू तिथे ऑर्गनच्या पट्ट्या होत्या. मग ती म्हणाली, "लिही."

त्यानं लिहिलं. वेंडेलनं तिला घरी सोडायची तयारी दाखवली. ती लव्हॉनला फोन करून थांबली.

लव्हॉन आली, आर्डिस तिच्या गाडीत बसली, मनोरे मागे पडले.

"किती वेळा फुटला ग तुझा दिवा?" आर्डिसनं विचारलं.

लव्हॉननं रस्त्यावरची नजर काढली नाही. "अगं, म्हणायचं नि सुटायचं. दिव्याबद्दल खोटं बोललं तर दिव्याला काय वाईट वाटणार आहे?"

"माझ्या शेजारी बसून लेफ्से लाटत होतीस. वेंडेलला शिव्या देत होतीस. आपण सगळ्या मिळून त्या पाटीविरुद्ध उभ्या राहिलो असतो ना, तर ती पाटी कधीच हलली असती. तुम्ही प्रत्येकीनं गुपचूप दिवा फोडलात आणि मला वाटत राहिलं की मी एकटीच वाईट चालवते."

"आता तूच सांग, रविवारी तुला कोण नेणार? मीच ना?"

"तुझा दिवा फुटलाय. मी नाही बसायची."

"आत्ता बसलीयस की!"

"थांबव."

"आर्डिस, वेडी आहेस का?"

"थांबव म्हणते ना."

आणि ती उतरली. घर दिसत होतं, पण लांब होतं. लव्हॉन गाडी तिच्या शेजारून चालीच्या वेगानं चालवत राहिली, खिडकी खाली करून आधी समजूत घालत, मग शिव्या देत, मग नुसतीच रडत. आर्डिस फाटकापर्यंत चालत गेली.

रविवारी ब्रश क्रीकला ती शेतांतून पायी आली. तेवढं तिला झेपत होतं. प्रार्थनेनंतर सगळे तळघरात कॉफीला उतरले. कुजबुज सगळीकडे पोचली होती. पाद्री थोर्सन कपात चमचा उगाच फिरवत होता.

आर्डिस कॉफीच्या भांड्याशेजारी उभी राहिली. "मला व्हांगला जायचंय आणि पुढे बेथनीला. ज्याच्या गाडीचा दिवा कधी फुटला नाही, त्याच्या गाडीत मी बसेन."

चमचे थांबले. कुणी जमिनीकडे बघितलं, कुणी केककडे. पाद्र्याचे कान लाल झाले. एवढा मोठा वर्ग, आणि एकाचाही हात वर येईना.

कोपऱ्यातून म्हातारा हियाल्मर बाके म्हणाला, "काय विचारतेय ती?" त्याला ऐकू कमी येतं.

"तुला कधी पकडलं का, हियाल्मर?" लव्हॉन त्याच्या कानात ओरडली. तिचे डोळे अजून सुजलेले होते. "वेंडेलनं! कधी थांबवलं का!"

"मला? मला कशाला थांबवेल?"

आणि ते खरं होतं. हियाल्मर आयुष्यात तीसच्या वर गेला नव्हता, हमरस्त्यावरसुद्धा. त्याच्या मागे गाड्यांची शेपूट लागायची. सगळं ब्रश क्रीक त्याला शिव्या देत ओलांडायचं, आणि आर्डिसच्या शिव्या त्यातल्या सगळ्यात निवडक असायच्या.

"बस मग," तो म्हणाला. "माझा ट्रक पुढेच आहे."

आर्डिसनं चुगल्या पर्समध्ये आणला होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ट्रकमध्ये बसल्यावर तिनं त्याची वायर खोचली. ट्रक निघाला. बैलगाडीतून चालल्यासारखं वाटत होतं. कुंपणाचा एकेक खांब आपली ओळख करून देऊन मागे जात होता. मागे पाद्र्याची गाडी, तिच्यामागे लव्हॉनची, तिच्यामागे आणखी दोन. पुढे जायची हिंमत कुणालाच झाली नाही. आर्डिसची बोटं गुडघ्यावर आज वाजवायचं गाणं भराभर वाजवत होती. मनोरे आले. चुगल्या वाजला.

"हे काय ओरडतंय?" हियाल्मरनं विचारलं.

"दार."

"कुणाचं?"

"आमचं. आम्ही घेतलेलं."

वेंडेल भिंतीला चिकटून होता. ट्रक, आणि मागची सगळी मिरवणूक, तीसच्या आत त्याच्यासमोरून गेली. त्यानं टोपीला हात लावला. आर्डिसनं मान फिरवली नाही.

व्हांगला पोचले तेव्हा लोक दारात येऊन उभे होते. आर्डिस उतरली, ट्रकला वळसा घालून निघाली, आणि मागच्या बाजूला आल्यावर थबकली. डावा दिवा नव्हताच. लाल काच मुळापासून गेलेली, आत गंजलेलं भोक, त्यात कोळ्याचं जाळं.

"हियाल्मर! हे कधी फुटलं?"

"काय?"

"दिवा! दिवा!"

"हां, तो." म्हाताऱ्यानं आठवलं. "गाईनं लाथ मारली होती. तुझा ऑर्विन होता तेव्हा."

"आणि वेंडेलनं कधी विचारलं नाही?"

"कशाला विचारेल? रोज हात करतो मला."

आर्डिस त्या भोकाकडे बघत उभी राहिली. अख्ख्या परगण्यातला एकुलता एक खराखुरा फुटका दिवा. वर्षानुवर्षं त्या न्यायाधीशाच्या, त्या पोलिसाच्या, त्या पाद्र्याच्या नाकासमोरून तो रविवारी चर्चला जात होता, आणि कुणाला त्याची एका पावतीइतकीही फिकीर नव्हती. मागून पाद्री थोर्सन घाईघाईनं आला. त्यालाही ते दिसलं.

"आर्डिस, उशीर झालाय," तो हळू म्हणाला. "आज गाण्याची पहिली दोन कडवीच घेऊ. लोकांची जेवणं जळतील ओव्हनमध्ये. बेथनीलाही पोचायचंय, ते लोक... तुला ठाऊक आहे."

"हियाल्मरबरोबर पोचेन तेव्हा पोचेन," ती म्हणाली. "टेप आणायचा तर आणू देत. टेपला म्हणावं, दिवा फुटला म्हणून सही कर."

ती आत गेली. बाकावर बसली, सुजलेली बोटं एकदा चोळली, आणि ऑर्गनच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या. पहिला सूर एवढ्या जोरात आला की खिडक्यांच्या रंगीत काचा थरारल्या. मग ती वाजवू लागली, हियाल्मरच्या ट्रकच्या चालीनं, एकेक ओळ खांबासारखी मागे टाकत. दुसरं कडवं संपलं तेव्हा पाद्री उठून उभा राहिला. आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं पान उलटलं आणि तिसरं सुरू केलं. बायका एकमेकींकडे बघत, घरच्या ओव्हनचा विचार करत, उभ्या राहून गात होत्या. गाण्याला सहा कडवी होती.